बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट: आधी छेद बघा, मग आकडा (कोल्हापुरातून सॅम्पल पाठवणाऱ्यांसाठी)

उत्तरेश्वर_लॅब

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग. त्याच्या बीसीआर-एबीएल रिपोर्टवर इथं दहा ठिकाणी तुकड्यातुकड्यानं बोलणं झालंय. एका जागी आणू या. खाली तीन नमुनेवजा रिपोर्ट देतो, रचलेले आहेत, पण या धर्तीचे कागद कुठल्याही लॅबमध्ये दिसतील.

अ) जानेवारीत ०.०८ टक्के, एप्रिलमध्ये ०.१७ टक्के. मधे लॅब बदलली.
आ) ‘आढळले नाही’. एबीएल१ प्रती ६,२००.
इ) ‘आढळले नाही’. एबीएल१ प्रती ७१,०००. पण निदानाच्या वेळी ट्रान्सक्रिप्टचा (जनुकावरून बनणाऱ्या आरएनएचा) प्रकार तपासलेला नाही.

काळजीचा कुठला? आणि कोल्हापुरात रक्त काढून पुण्या-मुंबईला पाठवताना हे टाळता येतं का?

---

पीसीआर_पंचगंगा

काळजीच्या क्रमानं लावायचे तर इ, आ, अ. घरोघरी फोनाफोनी मात्र अ वरूनच सुरू होते.

हा आकडा म्हणजे निव्वळ भागाकार. वर बीसीआर-एबीएल१ या जोडलेल्या जनुकाच्या आरएनए प्रती, खाली त्याच नमुन्यातल्या साध्या एबीएल१ च्या प्रती, गुणिले शंभर, आणि त्यावर त्या लॅबचा रूपांतर गुणांक. वर ४० प्रती, खाली ५०,००० असतील तर ०.०८ टक्के. गुणांक ०.८ असेल तर आंतरराष्ट्रीय मापावर, म्हणजे आयएसवर, ०.०६४ टक्के. एबीएल१ खाली घेतात कारण तो निरोगी पेशींतही असतो आणि वाटेत आरएनए खराब झाला तर त्याच्याही प्रती घटतात. म्हणजे छेद, हा खालचा आकडा, नमुन्याच्या तब्येतीचा दाखला आहे.

आ बघा. वर शून्य, खाली ६,२००. रंकाळ्यात मासा नाही म्हणणाऱ्यानं जाळं केवढं टाकलं ते आधी सांगावं, तसं हे. एबीएल१ प्रती १०,००० च्या खाली असतील तर ‘आढळले नाही’ हे उत्तरच धरायचं नाही, रक्त परत काढायचं. वर शून्य आणि खाली १०,००० ते ३१,९९९ असेल तर एमआर४ म्हणता येतं (एमआर म्हणजे मॉलिक्युलर रिस्पॉन्स, पुढचा आकडा जितका मोठा तितका आजार कमी), ३२,००० ते ९९,९९९ ला एमआर४.५, लाखाच्या पुढं एमआर५. लॅब छेदाला जीयूएसबी जनुक वापरत असेल तर हेच उंबरठे २४,०००, ७७,००० आणि २,४०,००० होतात. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहून छेद न छापणारा रिपोर्ट माझ्या मते अर्धवट आहे. मागून घ्या.

एक बारकावा. छेद अपुरा असतानाही वर प्रती सापडल्या, तर आजार सापडलाच. टक्केवारीवर भरवसा ठेवू नका, पण ‘आहे’ हे उत्तर राहतंच. अपुरा छेद मारतो तो फक्त ‘नाही’ला.

आता इ. बहुतेक सीएमएलमध्ये ई१३ए२ किंवा ई१४ए२ हे ट्रान्सक्रिप्ट असतात, जुन्या कागदांवर बी२ए२, बी३ए२. दोन्हींचं प्रथिन पी२१०. थोड्या रुग्णांत ई१ए२ (पी१९०), ई१९ए२ (पी२३०), नाहीतर ई१३ए३, ई१४ए३ निघतात. नेहमीच्या युरोपियन पद्धतीत रिव्हर्स प्रायमर आणि प्रोब (जनुक ओळखून पकडणारे छोटे तुकडे) दोन्ही एबीएलच्या दुसऱ्या एक्सॉनवर, म्हणजे जनुकाच्या दुसऱ्या भागावर, बसतात. ए३ प्रकारात तो एक्सॉनच गळालेला असतो. मग छेद कितीही दणदणीत असू दे, वर शून्यच येणार, आणि रुग्ण बरा झाला म्हणून पेढे वाटले जाणार. म्हणून गोळी सुरू करण्याआधीच्या नमुन्यावर मल्टिप्लेक्स आरटी-पीसीआर (एकाच वेळी अनेक प्रकार शोधणारी तपासणी) करून प्रकार लिहून ठेवायचा. उपचारानं प्रती घटल्या की नंतर हे शोधायला फारसं काही हातात राहत नाही. आणि आयएस हे माप ई१३ए२, ई१४ए२ पुरतंच आहे. पी१९० च्या रिपोर्टवर ‘आयएस’ छापलेलं दिसलं तर लॅबला फोन करा.

अ मध्ये दुपटीचा फरक. त्याच लॅबमध्ये तोच नमुना दोनदा चालवला तरी एवढं हलू शकतं, दोन लॅबमध्ये तर नक्कीच. महिन्याभरात एकाच लॅबमध्ये पुन्हा करा आणि गोळ्या चुकल्या का ते विचारा. पाचपट वाढ आणि त्याबरोबर ०.१ ची रेघ ओलांडली, तर मात्र थांबायचं नाही.

---

केमिस्ट_लक्ष्मीपुरी

गोळ्या चुकल्या का, हे विचारताना बाकीची औषधंही विचारा. टीबीचा उपचार सुरू झाला असेल तर रिफॅम्पिसिन हे इमॅटिनिबचं, म्हणजे सीएमएलच्या नेहमीच्या गोळीचं, रक्तातलं एकूण प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशानं पाडतं. फिटच्या गोळ्यांपैकी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन त्याच वाटेनं जातात. डासॅटिनिब ही सीएमएलचीच दुसरी गोळी घेणाऱ्यानं ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि ग्लासभर पाण्यासोबत, निलोटिनिबच्या कॅप्सूल मात्र रिकाम्या पोटी: आधी दोन तास, नंतर एक तास काही खायचं नाही. ही अदलाबदल फार होते. आकडा वाढला की थेट ‘रेझिस्टन्स’वर (आजार औषधाला दाद देत नाही यावर) उडी मारण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा.

---

निडल_नंबर_२१

सॅम्पल काढणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. छेद घटतो तो बहुतेक वेळा आमच्याच टेबलावर.

रक्त किती? १० मिली, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. २ मिलीवर भागवायचा मोह आवरा. हिशेब बघा: पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ५,००० असतील तर १० मिलीत ५ कोटी पेशी मिळतात. गोळीमुळं त्या २,००० वर आल्या असतील आणि २ मिलीच घेतलं, तर फक्त ४० लाख. त्यातून एमआर४.५ दाखवण्याइतका छेद येणं अवघड. उलट, नव्या रुग्णाचा काउंट दोन लाख असेल तर २-३ मिली पुष्कळ झालं. उपाशी पोटाची गरज नाही.

ट्यूब भरली की आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करायची. घुसळायची नाही. बारीक गुठळी झाली तरी पांढऱ्या पेशी तिच्यात अडकतात.

हिरव्या टोपणाची, हेपरिनची ट्यूब या तपासणीला चालत नाही. हेपरिन आरएनएबरोबर शेवटपर्यंत येतं आणि पीसीआरचं एन्झाइम अडवतं. पण कॅरिओटाइपिंगला (गुणसूत्रं बघायच्या तपासणीला) जिवंत पेशी लागतात, तिथं सोडियम हेपरिनच हवं. निदानाच्या दिवशी दोन्ही लागतात. व्हॅक्युटेनरनं काढताना आधी हिरवी, मग जांभळी. एकीतलं रक्त दुसरीत ओतायचं नाही.

थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा कापसाचा जाड थर. रक्त गोठलं की संपलं: पेशी फुटतात, आरएनए कापणारी एन्झाइमं मोकळी होतात, हिमोग्लोबिन पीसीआरला आडवं येतं. २ ते ८ अंश ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. फ्लो सायटोमेट्री आणि कॅरिओटाइपच्या ट्यूब वेगळ्या डब्यात, बर्फाशिवाय.

ट्यूबभोवती शोषणारा कापूस, त्यावर न गळणारा डबा, बाहेर कडक खोकं आणि यूएन ३३७३ चं लेबल. फॉर्म दोन डब्यांच्या मध्ये. ट्यूबला गुंडाळलेला फॉर्म भिजला की नाव वाचता येत नाही.

---

बोनमॅरो_बघणारा

हेपरिनवरून एक. मॅरो (अस्थिमज्जा) काढताना सिरिंज हेपरिननं खंगाळून घ्यायची सवय आहे. मग तोच मॅरो ईडीटीए ट्यूबमध्ये घातला, तर टोपण जांभळं पण आत हेपरिन. मॉलिक्युलरसाठीचा भाग कोरड्या सिरिंजनं, पहिल्या ओढीचा घ्यावा. पुढच्या ओढीत साधं रक्तच जास्त येतं.

लॅबमध्ये हे ओळखायची सोपी युक्ती: आरएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. स्वच्छ नमुन्यात सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला रेघ उठली तो आकडा) साधारण ३.३ नं पुढं सरकते. पातळ केल्यावर ती तिथंच राहिली किंवा मागं आली, तर अडथळा आहे.

---

शेंडापार्क_७

दर तीन महिन्यांच्या तपासणीला मॅरोच पाठवायचा ना? रक्तात कमी सापडेल.

---

पीसीआर_पंचगंगा

नाही. सीएमएलच्या देखरेखीला हातातलं रक्त पुरतं, सगळे टप्पे रक्तावरच ठरलेत. मॅरो निदानाला लागतो, आणि उपचार फसतोय असं वाटलं किंवा काउंट कारणाशिवाय घसरले तेव्हा.

टप्पे विचारण्याआधीच लिहितो, युरोपियन ल्युकेमियानेट २०२० प्रमाणे: तीन महिन्यांत १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांत १ टक्का, बारा महिन्यांत ०.१ टक्का. तिसऱ्या महिन्यात १० च्या वर असेल तर लगेच अपयश म्हणत नाहीत, एक ते तीन महिन्यांत पुन्हा मोजून खात्री करतात. सहाव्या महिन्यात १० च्या वर किंवा बाराव्यात १ च्या वर म्हणजे अपयश.

---

जनुक_कट्टा

यात संशोधकांचं काम कुठं येतं, ते थोडं लिहितो, कारण ‘१०० टक्के’चा अर्थ बहुतेक लोक चुकीचा घेतात.

फिलाडेल्फिया गुणसूत्र नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये दाखवलं. ते ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून येतं, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये. इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. औषध इतकं चाललं की सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्र दिसेनासं झालं, तरी पीसीआरवर प्रती सापडत राहिल्या, आणि प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा. मग आयरिस या चाचणीतल्या ३० नव्या रुग्णांचे नमुने ॲडलेड, लंडन आणि सिएटल इथल्या प्रयोगशाळांनी मोजले, त्यांच्या मधल्या किमतीला १०० टक्के ठरवलं आणि तिथून हजारपट घट म्हणजे ०.१ टक्का, मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स. २००५ च्या बेथेस्डा बैठकीतून हे माप सगळ्यांसाठी सुचवलं गेलं, पुढं जागतिक आरोग्य संघटनेचे संदर्भ नमुने आले.

म्हणजे १०० टक्के याचा अर्थ ‘सगळ्या पेशी कर्करोगाच्या’ असा होत नाही. कुणाची सुरुवात ४० वर होईल, कुणाची दीडशेवर. घट मोजायची ती ठरलेल्या शंभरापासून, स्वतःच्या पहिल्या आकड्यापासून नव्हे.

शिवाय वरच्या टोकाला हे माप वाकतं. एबीएल१ चे नेहमीचे प्रायमर जोडजनुकातला एबीएलचा तुकडाही मोजतात. आजार भरपूर असला की छेदही फुगतो आणि टक्केवारी दबते. १० टक्क्यांच्या वरचे दोन आकडे एकमेकांशी ताडून ‘सुधारणा’ काढू नका. तिथं जीयूएसबी सरळ चालतो.

---

शेंडापार्क_७

म्हणजे नमुना पोचायला उशीर झाला तर छेद पडणार, हे कळलं. आरएनए इथंच काढून पाठवला तर? सेंट्रिफ्यूज आणि उणे ८० चा फ्रीझर असलेली लॅब कोल्हापुरात मिळू शकते.

---

पीसीआर_पंचगंगा

पूर्ण आरएनए काढण्यापेक्षा अर्ध्यावर थांबा, हेच शहाणपणाचं. पेशी विरघळवून ठेवल्या की घाई संपते.

एक भाग रक्ताला पाच भाग लाल पेशी फोडणारं द्रावण: अमोनियम क्लोराइड १५५ मिलिमोलर, पोटॅशियम बायकार्बोनेट १०, ईडीटीए ०.१, पीएच ७.४ च्या आसपास. बर्फावर १०-१५ मिनिटं, अधूनमधून हलवत. द्रावण गढूळचं पारदर्शक लाल झालं की ४०० जी वर १० मिनिटं फिरवा. गोळा अजून लाल असेल तर कमी द्रावणात पुन्हा एकदा. मग पेशी मोजा. ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच फसतात. ट्रायझॉल (पेशी विरघळवणारं द्रावण) एक मिलीला ५० लाख ते १ कोटी पेशी. नव्या रुग्णाच्या चिकट गोळ्यावर एकच मिली ओतला तर जेलीसारखा लगदा होतो, डीएनए मधल्या थरातून वर येतो आणि आरएनए घाण निघतो. पिपेटनं वरखाली करून गुठळी संपली की उणे ८० ला. असं महिनोन्महिने टिकतं.

पुढचं ज्याला करायचंय त्याच्यासाठी: मिलीला ०.२ मिली क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोरात हलवून २-३ मिनिटं ठेवा, ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं. वरचा रंगहीन थर घ्या, तोही पूर्ण नाही. मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टिप लागली की डीएनए आला. अर्धा मिली आयसोप्रोपॅनॉल, १० मिनिटं, पुन्हा फिरवा. ७५ टक्के इथेनॉलनं धुवा, गोळा किंचित ओला असतानाच आरएनएज नसलेल्या पाण्यात घ्या. कडक वाळवला की विरघळत नाही. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २.०. २६०/२३० पडलं असेल तर फिनॉल किंवा ग्वानिडिन उरलंय, पुन्हा धुवा. सीडीएनएला (आरएनएवरून बनवायच्या डीएनएला) १ मायक्रोग्रॅम आरएनए, २० मायक्रोलिटरमध्ये, रँडम हेक्सामरसह.

ट्रायझॉलमध्ये फिनॉल आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड हवंच, आणि कुरिअरला न सांगता देऊ नका, ते घातक रसायनात मोडतं. त्यापेक्षा आरएनए टिकवणारी पॅक्सजीन ट्यूब सोपी: २.५ मिली रक्त थेट तिच्यात, खोलीच्या तापमानाला ३ दिवस, फ्रिजमध्ये ५ दिवस. पण रक्त अडीच मिलीच, म्हणजे खोलवर बघायचं असेल तर दोन-तीन ट्यूब. महाग पडतं. साध्या तिमाही तपासणीला ईडीटीए आणि वेळेत कुरिअर हेच बरं.

---

जनुक_कट्टा

लॅबवाल्यांनी एक पाळावं. नव्या रुग्णाचा नमुना आणि एमआर४ च्या रुग्णाचा नमुना एकाच वेळी, एकाच रॅकवर काढू नका. एका थेंबानं समोरच्याचा आजार ‘परत’ येतो. त्याहून वाईट प्लास्मिड स्टँडर्ड (प्रती आधीच मोजलेला संदर्भ नमुना), दहा लाख प्रतींची नळी उघडताना. ती सगळ्यात शेवटी, वेगळ्या पिपेटनं, वेगळ्या खोलीत. पाण्याच्या कोऱ्या नळीत सीटी ३८ ला रेघ उठली तर अख्खी प्लेट बाद. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.३ च्या जवळ नसेल तरी आकडे छापू नयेत.

---

हिमॅट_वाचक

धागा सीएमएलचा आहे, तरी एक अपवाद. वर सगळे ‘पुन्हा नमुना घ्या’, ‘महिन्यानं बघा’ म्हणतायत. एपीएलला, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाला, हे चालत नाही. स्मिअरवर आउअर रॉड्सच्या जुड्या असलेल्या पेशी, प्लेटलेट कमी, पीटी (रक्त गोठायचा वेळ) लांबलेला, फायब्रिनोजेन घसरलेलं, असं चित्र असेल तर पीएमएल-आरएआरएचा (एपीएलच्या जोडजनुकाचा) नमुना पाठवा, पण रिपोर्टची वाट बघू नका. संशयावरच ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड सुरू करतात, दिवसाला ४५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दोन भागांत. प्लेटलेट ३०,००० ते ५०,००० च्या वर आणि फायब्रिनोजेन १०० ते १५० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर राखतात. सेंट्रल लाइन घालणं टाळतात. रुग्ण पहिल्या दिवसांत जातो तो मेंदूतल्या किंवा फुप्फुसातल्या रक्तस्रावानं. कुरिअर मुंबईला पोचेपर्यंत पहिला डोस पोटात हवा. निदान चुकलं निघालं तर गोळी थांबवता येते.

एफएलटी३ (अक्यूट मायलॉइड ल्युकेमियात तपासायचं एक जनुक) चंही थोडं घाईचं. मिडोस्टॉरिन हे त्यावरचं औषध केमोच्या आठव्या दिवसापासून देतात, म्हणजे उत्तर आठवड्याच्या आत लागतं. ती तपासणी डीएनएवर होते, त्यामुळं प्रवासाचा त्रास आरएनएइतका नाही.

---

उत्तरेश्वर_लॅब

टी३१५आय म्युटेशनची (गोळ्या निकामी करणाऱ्या जनुकबदलाची) तपासणी कधी मागायची? काही जण दर रिपोर्टबरोबर मागतात.

---

हिमॅट_वाचक

पैसे वाया, दादा. सँगर या जनुक वाचायच्या पद्धतीत जोडजनुक आधी वाढवून घ्यावं लागतं. ०.१ च्या खाली तेवढ्या प्रतीच नसतात, ‘वाढवता आले नाही’ असं उत्तर येतं. टप्पा चुकला किंवा आकडा खात्रीनं वाढला की मागा, आणि औषध बदलण्याआधी मागा. सँगरला म्युटेशन १५-२० टक्के असल्याशिवाय दिसत नाही, एनजीएस या नव्या पद्धतीला ३ टक्क्यांच्या आसपासही दिसतं. टी३१५आय निघालं तर इमॅटिनिब, डासॅटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब चारही बाद. पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिब उरतात.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

घरातल्या रुग्णाची गोळी थांबवून बघू या असं ठरतंय. रक्त किती वेळा?

---

हिमॅट_वाचक

ताई/दादा, ठरवण्याआधी निकष जुळतात का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. इमॅटिनिबवर पाचेक वर्षं आणि त्यात एमआर४ किंवा त्याहून खोल सलग दोन वर्षांहून जास्त, हे किमान. थांबवल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला, मग वर्षापर्यंत दोन महिन्यांनी, पुढं तिमाही. साधारण निम्म्या रुग्णांत प्रती परत वाढतात, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. ०.१ ओलांडलं की गोळी लगेच सुरू. म्हणून रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांनी देणारी लॅब या कामाला उपयोगाची नाही. गोळी सुटल्यावर सांधे, स्नायू काही महिने दुखू शकतात. त्याला आजार परतला समजू नका.

---

निडल_नंबर_२१

वेळेचं शेवटी लिहितो. रक्त काढल्यापासून ४८ तासांत पेशी फोडल्या जाव्यात, ७२ च्या पुढं गेलेला नमुना पाठवून उपयोग नाही. कोल्हापूरहून पुणे साधारण २३० किमी, एका रात्रीचं काम. अडतं ते तिथं पोचल्यावर. शुक्रवारी दुपारी काढलेलं रक्त शनिवारी पोचतं आणि सोमवारी उघडतं. सोमवार ते बुधवार काढा. रात्रीच्या खासगी बसच्या पार्सलनं पाठवणारे बरेच आहेत. स्वस्त पडतं, पण डबा डिकीत इंजिनजवळ ठेवतात, एप्रिल-मेमध्ये जेल पॅक सकाळपर्यंत टिकत नाही. तिकडं उतरवून घेणारा माणूस ठरलेला नसेल तर पाठवूच नका.

---

उत्तरेश्वर_लॅब

आणि पावसाळ्यात? २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता.

---

निडल_नंबर_२१

पंचगंगा इशारा पातळीच्या पुढं चढायला लागली की स्थिर रुग्णाचं तिमाही रक्त काढायचंच नाही. दोन आठवडे पुढं ढकललं तर काही बिघडत नाही, गोळ्या मात्र महिनाभराच्या आधीच घरात आणून ठेवायच्या. ज्याची गोळी थांबवलीय किंवा ज्याचा आकडा चढतोय, त्याचं पॅक्सजीनमध्ये काढा, पाच दिवस हाताशी राहतात. किंवा जवळपास जीनएक्सपर्टवर बीसीआर-एबीएलचं कार्ट्रिज चालवणारी लॅब आहे का ते आधीच विचारून ठेवा. ४ मिली ईडीटीए रक्त, उत्तर दोन-तीन तासांत, आयएसवरच. पी२१० ची कार्ट्रिज पी१९० मोजत नाही, म्हणून फॉर्मवर ट्रान्सक्रिप्टचा प्रकार लिहा. त्याच फॉर्मवर रक्त काढल्याची तारीख-वेळ, पांढऱ्या पेशींचा काउंट, चालू गोळी आणि डोस, मागचा आकडा आणि तो कुठल्या लॅबचा, एवढं हवंच.